फवारणीच्या पोरांचा विमा निविदेतून काढू नका

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी
आणि सर्वसाधारण विमा कंपन्यांचे पॉलिसी ठरवणारे अधिकारी

स.न.वि.वि.

मी लातूर जिल्ह्यात पेस्ट कंट्रोलचा व्यवसाय करते. घरं, लॉज, दवाखाने, डाळमिल, बियाण्यांची आणि धान्याची गोदामं, नव्या बांधकामाची वाळवीची फवारणी, असं आमचं काम. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, धुरीकरणाचं, म्हणजे विषारी वायूने कीड मारण्याचं, प्रशिक्षण घेतलं, कृषी विभागाचा परवाना काढला. या धंद्यावर माझं घर चालतं आणि माझ्याकडच्या पोरांचीही घरं चालतात.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयाने गोदामांच्या कीड नियंत्रणाची निविदा काढली. मूळ कागदात एक अट होती. कामावरच्या प्रत्येक मजुराचा भरपाई विमा हवा आणि पॉलिसीची प्रत निविदेसोबत जोडायची. चार दिवसांत शुद्धिपत्रक आलं आणि ती अट वगळली गेली. कारण लिहिलं होतं की जास्तीत जास्त ठेकेदारांना भाग घेता यावा. अनामत रक्कम कायम राहिली, उलाढालीचा दाखला कायम राहिला, जीएसटीची नोंदणी कायम राहिली. मजुराचा विमा तेवढा गेला.

मी फोन करून विचारलं. उत्तर आलं, "ताई, तुम्ही काढा की विमा, तुम्हाला कोण नको म्हणतंय?" कोणीच नको म्हणत नाही. पण निविदा सर्वांत कमी दराला जाते. जो विमा काढणार नाही, मास्क देणार नाही, तपासणी करणार नाही, त्याचा दर माझ्यापेक्षा खाली येणार आणि काम त्याला मिळणार. हे काम देणाऱ्यालाही ठाऊक आहे. हे मुकाट्याने मान्य करणं मला शक्य नाही, म्हणून चौघांनाही एकाच पत्रात लिहिते आहे, कारण तुम्ही प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवता.

आधी काम काय असतं ते सांगते. पोत्यांच्या थप्पीला भुंगा लागला की आम्ही ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो. एक गोळी तीन ग्रॅमची. हवेतली ओल लागली की तिच्यातून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. थप्पीवर जाड कव्हर टाकायचं, कडेने वाळूच्या लांब पिशव्या दाबायच्या आणि पाच-सात दिवस त्या जागेत कोणी फिरकायचं नाही. कामाच्या जागी या वायूची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग धरतात. पोरांना वाटतं लसणासारखा वास आला तरच गॅस आहे. तसं नसतं. वास येण्याआधीच धोक्याची पातळी ओलांडलेली असू शकते, म्हणून मोजायचं यंत्र लागतं आणि फॉस्फिनसाठीचाच कॅनिस्टर (हवा गाळणारा डबा) लावलेला मास्क लागतो. गोळीला थेट पाणी लागलं तर ती पेट घेऊ शकते. परतीच्या पावसात गळकं गोदाम असेल तर कव्हर ओढणाऱ्याचा जीव टांगणीला असतो. आणि या वायूवर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि रक्तदाब सांभाळतात, बाकी शरीराने तगायचं.

अनेक गोदामांत हे काम करणाऱ्या पोराच्या तोंडाला मी दस्ती बांधलेली पाहिली आहे.

फवारणीचंही तेच. वाळवीसाठी क्लोरपायरिफॉस किंवा इमिडाक्लोप्रिड वापरतात. क्लोरपायरिफॉसच्या डब्यावर पिवळा त्रिकोण असतो, म्हणजे तीव्र विषारी. पंपाचं नोझल तुंबलं की पोरगं ते काढतं, तोंडाला लावून फुंकतं, परत बसवतं. मग त्याच हाताने तंबाखू मळतं. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाची ही सवय मोडायला महिने जातात. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे असतो. रबरी हातमोजे, ॲप्रन, गॉगल घालून बंद खोलीत उभं राहून बघा, म्हणजे ते काढून का फेकावंसं वाटतं ते कळेल. घामेजलेल्या कातडीतून विष आणखी लवकर आत जातं.

आता तक्रारी.

कायदा आहे, तो राबवायला कोणी नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. या नियमांत स्पष्ट लिहिलंय की कीटकनाशक हाताळणाऱ्या माणसाची कामावर घेण्याआधी आणि नंतर वर्षातून दोनदा वैद्यकीय तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फरस (क्लोरपायरिफॉस याच गटातलं) किंवा कार्बामेट गटातली औषधं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज, म्हणजे या विषाने घटणारं विकर, दर महिन्याला तपासावं. संरक्षक कपडे, श्वसनाची साधनं, प्रथमोपचार, प्रशिक्षण, सगळं त्यात आहे. मला या धंद्यात इतकी वर्षं झाली, एकाही अधिकाऱ्याने माझ्याकडे मजुरांच्या तपासणीची वही मागितलेली नाही. साठा नोंदवही बघतात, परवाना भिंतीवर लावलाय का ते बघतात. औषधाच्या प्रत्येक लिटरचा हिशेब आहे, ते फवारणाऱ्या माणसाचा नाही. आणि तपासणी करायची तर कुठे? आमच्या भागात खासगी लॅबला विचारलं की नमुना बाहेरगावी पाठवावा लागेल असं सांगतात. छोट्या व्यावसायिकाने ते कुठवर करायचं?

२०१७ मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तेव्हा हातमोजे आणि मास्क वाटले गेले, फोटो छापून आले. त्या वेळी निदान चर्चा झाली. बंद गोदामात, लॉजच्या खोलीत, बांधकामाच्या पायात फवारणी करणाऱ्यांचं नाव मात्र तेव्हाही कोणी घेतलं नाही.

दुसरी तक्रार विम्याची, आणि ती मला सविस्तर मांडायची आहे.

माझ्या एका व्यवसायबंधूकडे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा कामाला होता. भूमिहीन घरातला, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. गेल्या वर्षी एका गोदामात मुदत संपल्यावर कव्हर काढताना त्याला गॅस लागला. डोकं दुखलं, मळमळलं, छातीत भरून आलं. जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. फॉस्फिनने फुप्फुसात पाणी भरायला एक-दोन दिवसही लागू शकतात. दुसऱ्या रात्री त्याला श्वास घेता येईना. मोठ्या शहरात नेलं, अतिदक्षता विभागात ठेवलं, जीव वाचला. मी भेटायला गेले तेव्हा जिना चढताना तो मध्ये दोनदा थांबला.

मालकाची पॉलिसी होती. हप्ता भरलेला होता. दावा नाकारला गेला, कारण पॉलिसीत व्यवसायाच्या रकान्यात 'हाउसकीपिंग' लिहिलं होतं आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे धुरीकरण हे हाउसकीपिंग नाही. तो रकाना एजंटने भरला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आमच्या यादीत पेस्ट कंट्रोल येतच नाही, जवळचं तेच आहे." हप्ता घेताना चालतं ते दावा देताना चालत नाही. शिवाय दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळं जादा कलम घ्यावं लागतं, ते त्यात नव्हतंच, आणि ते घ्यायचं असतं हे कोणी सांगितलंही नव्हतं. बिल भागवायला त्या मुलाच्या आई-वडिलांनी मुकादमाकडून जादा उचल घेतली आणि हंगामात दोघंही कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेले. मुलगा घरी. विमा कंपनीच्या पत्रातल्या चार ओळींचा हा परिणाम.

विमा कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनो, आणखी एक गोष्ट तुम्ही बघा. वैयक्तिक अपघात विम्यात अपघात म्हणजे अचानक घडलेली, बाह्य, दृश्य आणि हिंसक कारणाने झालेली घटना. रोज थोडं थोडं औषध अंगात जाऊन सहा महिन्यांनी हात थरथरायला लागलेला माणूस या व्याख्येत कसा बसवायचा? घटनेची तारीख कोणती लिहायची? आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीसाठी जी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी आम्हाला विकता, तिच्यात प्रदूषणामुळे होणारं नुकसान सहसा वगळलेलं असतं. आमचं काम विषारी औषध हवेत आणि जमिनीत सोडण्याचं. शेजारच्या घरात गॅस शिरला, हीच आमची सर्वांत मोठी भीती. तीच वगळली तर उरतं काय? शिडी पडून ग्राहकाची काच फुटली तर तिची भरपाई. त्यासाठी आम्ही पॉलिसी घेत नाही.

काही जण म्हणतात, सरकारी योजना आहेत ना. आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. दवाखान्याच्या बिलाला काहीच नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे आणि मृत्यूला २ लाख आहेत. चांगलं आहे. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. म्हणजे सातबारा लागतो. शेतातल्या फवारणीत जे विष, तेच गोदामात. ज्याच्या घरात सातबारा नाही, त्याने तेच विष हाताळलं तर राज्याच्या तिजोरीत त्याच्यासाठी काही नाही. मराठवाड्यात भूमिहीन किती आहेत ते जिल्हाधिकाऱ्यांना मी सांगायला नको.

कामगार राज्य विम्याचं कवच मिळालं असतं तर यातले बरेच प्रश्न सुटले असते. उपचार मिळतात, आजारपणात पगाराचा भाग मिळतो, काम करताना मृत्यू झाला तर कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळतं. पण ते दहा किंवा जास्त कामगार असले तरच सक्तीने लागू होतं. आमच्याकडच्या बहुतेक फर्ममध्ये तीन, चार, फार तर सहा पोरं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यात यावर मार्ग आहे. केंद्र सरकारने जे काम धोकादायक किंवा जीवघेणं म्हणून अधिसूचित केलं, तिथे एकच कामगार असला तरी हे कवच लागू होतं. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. दार उघडं आहे, आत जायला आमच्या कामाचं नाव त्या यादीत लागतं.

तिसरी तक्रार काम देणाऱ्यांची. विम्याची अट काढली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं कार्यालयांना वाटत असेल तर तो गैरसमज आहे. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार, आपल्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. धान्य राखणं हाच गोदामाचा धंदा, मग कीड नियंत्रण त्यातच आलं. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तत्त्व तेच आहे.

भरपाईचा आकडाही बघा. २०२० मध्ये केंद्राने या हिशेबासाठी महिन्याची मजुरी १५,००० रुपयांपर्यंत धरली. मृत्यू झाला तर त्याच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणांक २०७.९८. म्हणजे १५,५९,८५० रुपये. विमा नसलेला छोटा ठेकेदार हे पैसे कुठून देणार? घर विकलं तरी जमणार नाहीत. विधवा दावा जिंकेल आणि तिच्या हातात आदेशाचा कागद राहील. वर्षाचा हप्ता या रकमेपुढे किरकोळ असतो. तो वाचवायला कार्यालय मजुराच्या बायकापोरांचा आधार काढून घेतं आहे.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. धुरीकरणासाठीचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण हैदराबाद, म्हैसूर अशा ठिकाणी होतं. ते मालक घेतो. गोळ्या प्रत्यक्ष ठेवणारा आठवी-दहावी शिकलेला मुलगा तिथे जात नाही, आणि गेला तरी तिथली भाषा त्याची नाही. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. कीटकशास्त्राची माणसं आहेत, जागा आहे. तिथे मराठीत तीन दिवसांचं हाताने करून शिकवणारं प्रशिक्षण झालं, तर मी माझी सगळी पोरं पहिल्या तुकडीत पाठवीन, त्यांची मजुरी देऊन.

ग्रामीण दवाखान्यांबद्दलही एक सांगायचं आहे, कारण यात जीव जातात. उन्हाळ्यात घाम, उलटी, अंगातली ताकद गेलेली असा माणूस आला की ऊन लागलं म्हणून सलाइन लावतात. ऑर्गॅनोफॉस्फरसच्या विषबाधेतही हेच दिसतं. फरक डोळ्यांत बघायचा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते, तोंडाला लाळ येते. तिथे ॲट्रोपिन हा उतारा लागतो, लवकर लागतो. पोरगं सोबत औषधाचा डबा घेऊन गेलं आणि डॉक्टरांनी लेबल वाचलं, एवढ्यानेही वेळ वाचतो. माझ्या प्रत्येक पोराच्या खिशात आम्ही औषधाचं नाव, गट आणि उतारा लिहिलेलं कार्ड देतो. हे कार्ड परवान्याची अट व्हायला हवं.

माझ्या मागण्या अशा.

कृषी आयुक्तांना: व्यावसायिक कीड नियंत्रणाचा परवाना देताना आणि त्यानंतर दर वर्षी मजुरांची यादी, चालू विमा पॉलिसी आणि वैद्यकीय तपासणीची नोंद मागा. ती नसेल तर मुदत द्या, मुदतीत झालं नाही तर परवाना थांबवा. माझ्यापासून सुरू करा. आणि कृषी विद्यापीठाकडून मराठीतलं प्रशिक्षण सुरू करून घ्या.

जिल्हाधिकाऱ्यांना: आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही सरकारी, निमसरकारी, नगरपालिकेच्या कीड नियंत्रणाच्या निविदेत विम्याची अट वगळता येणार नाही असं परिपत्रक काढा. विमा आणि सुरक्षा साधनांचा खर्च दराच्या स्पर्धेबाहेर, वेगळ्या ओळीत ठेवा, म्हणजे तो कापून कोणी खाली येणार नाही. पॉलिसीची प्रत आणि मजुरांची नावं जुळल्याशिवाय बिल काढू नका. जिल्हा रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी सुरू करा. आम्ही शुल्क भरू.

कामगार मंत्र्यांना: धुरीकरण आणि व्यावसायिक कीड नियंत्रण हे धोकादायक काम म्हणून अधिसूचित करावं, अशी शिफारस राज्याकडून केंद्राला पाठवा. एक-दोन मजूर असलेल्या फर्मलाही कामगार राज्य विमा लागू होऊ द्या. आमचा वाटा भरायला आम्ही तयार आहोत. तोवर, सातबारा नसलेल्या फवारणी मजुराला शेतकऱ्याएवढंच सानुग्रह अनुदान मिळावं यासाठी मंत्रिमंडळात विषय मांडा.

विमा कंपन्यांना: पेस्ट कंट्रोल हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून तुमच्या यादीत घाला. दवाखान्याचा खर्च आणि हळूहळू होणारी विषबाधा मूळ पॉलिसीतच धरा. अचानक झालेल्या वायुगळतीचं दायित्व मर्यादित रकमेपर्यंत तरी घ्या. हप्ता जास्त लावा, आम्ही मास्क, मोजणी यंत्र आणि नोंदी दाखवल्या तर त्यात सूट द्या. काय धरलंय आणि काय वगळलंय ते पहिल्या पानावर मराठीत छापा. आणि एजंटच्या चुकीच्या रकान्यामुळे नाकारलेले दावे पुन्हा उघडा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. दर पाडून काम घेताना आपण कुणाच्या फुप्फुसातून पैसे काढतो आहोत ते बघा. विम्याशिवायच्या निविदा आपण सगळ्यांनी मिळून भरल्या नाहीत, तर शुद्धिपत्रक पुन्हा बदलावं लागेल.

ती निविदा अजून उघडलेली नाही. वगळलेली अट परत घालायला एका सहीचं काम आहे आणि त्यासाठी वेळही शिल्लक आहे. अट परत आली तर मी दर भरणार आहे, विमा, तपासणी आणि मास्कचा खर्च धरून, आणि तो खर्च वेगळा लिहून. अट परत आली नाही तर हेच पत्र लेखी हरकत म्हणून त्या कार्यालयात आवक-जावकला नोंदवून पोच घेईन, आणि माहितीच्या अधिकारात विचारीन की ती ओळ कोणाच्या टिपणीवरून काढली.

आपली,
लातूर जिल्ह्यातील एक परवानाधारक पेस्ट कंट्रोल व्यावसायिक